कडेची मोरवेल

आपल्याकडच्या एखाद्या जुन्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांच्या संग्रहात, जाऊन पहिल्या कपाटाचा पहिला खण उघडला, तर बहुधा सर्वांत वर मोरवेल आणि तिच्या बहिणींचेच नमुने हाती लागतात. यात मोरवेलीचे स्वतःचे कर्तृत्व काही नाही. बेंथॅम आणि हुकर या दोन इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८६२ ते १८८३ या काळात सपुष्प वनस्पतींची जी मांडणी प्रसिद्ध केली, तिच्यात पहिले कुळ रॅनन्क्युलेसी आहे आणि त्या कुळातली पहिली प्रजाती क्लेमॅटिस, म्हणजे मोरवेल जिच्यात मोडते ती. भारतातली बहुतेक हर्बेरियमे अजूनही याच क्रमाने लावलेली असतात. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे, म्हणजे आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेचे, प्राचार्यपद सांभाळलेले थिओडोर कुक यांनी निवृत्तीनंतर मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा जो ग्रंथ १९०१ ते १९०८ या वर्षांत खंडाखंडाने प्रसिद्ध केला, त्याचीही सुरुवात याच प्रजातीपासून होते. एवढा मानाचा पहिला पाट मिळूनही पुण्यात मोरवेल नावाने ओळखणारी माणसे फार थोडी आहेत, आणि याचे कारण ती दुर्मिळ आहे हे नक्कीच नव्हे.

पावसाळा ओसरला, सोनकीचा पिवळा बहर उतरू लागला आणि गवत वरून तांबूस दिसू लागले की सिंहगडाच्या उतारांवर किंवा ताम्हिणीच्या रस्त्याला एखाद्या झुडपाचा माथा अचानक पांढराशुभ्र झालेला दिसतो. पहिल्यांदा वाटते की त्या झुडपालाच फुले आली आहेत. जवळ गेल्यावर कळते की झुडूप वेगळे आहे आणि त्याच्या डोक्यावर चढून बसलेली, खालचे एक पानही दिसू न देणारी वेल वेगळी आहे. मोरवेल आणि रानजाई ही दोन्ही नावे आपल्याकडे क्लेमॅटिसच्या एकाहून अधिक जातींना सरसकट लावली जातात. पुणे परिसरात प्रामुख्याने दोन जाती भेटतात. क्लेमॅटिस हेनेईची पाने मऊ लवेची असून तिच्या पानाचे किंवा पर्णिकेचे तीन भाग पडलेले असतात, आणि फुले मोठी, ठसठशीत पांढरी असतात. क्लेमॅटिस गौरियानाची पाने पिसासारखी विभागलेली, पर्णिका वरून चकचकीत, आणि फुले लहान, हिरवट पिवळसर पांढरी, पण एकेका घोसात इतकी की मोजण्याचा विचार सोडून द्यावा. पहिलीच्या नावात बेंजामिन हेन हा जुना संग्राहक आहे आणि दुसरीच्या नावात बंगालमधली गौर ही ओसाड झालेली नगरी. सह्याद्रीतल्या वेलीला गौरचे नाव मिळते ते केवळ तिचा नमुना तिथून गोळा झाला म्हणून; वेलीला अर्थात याचे काही सोयरसुतक नाही.

मोरवेलीची कुसरीशी गल्लत होऊ शकते. कुसर ही सह्याद्रीतली रानटी जाई; तीही पांढरी, तीही समोरासमोर पाने असणारी आणि तीही झुडपांवर चढणारी. परंतु कुसर उन्हाळ्यात फुलते आणि तिच्या पाकळ्या खाली जुळून नळी झालेली असते. मोरवेलीचे फूल हातात घेतले तर नळी नाहीच, आणि खरे म्हणजे पाकळ्याही नाहीत. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती निदले, म्हणजे फुलाच्या सर्वांत बाहेरच्या वर्तुळातली दले, आहेत: चार, क्वचित पाच-सहा, बाहेरून बारीक लव असलेली, फूल पुरते उमलले की मागे वळणारी. कळी असते तेव्हा ही निदले एकमेकांच्या कडांना कडा लावून घट्ट मिटलेली असतात. बहुतेक फुलांत पाकळ्या जशा एकमेकींवर चढतात तशा या चढत नाहीत. उमलल्यावर मध्ये पुंकेसरांचा दाट झुबका मोकळा होतो आणि त्याच्याही मध्ये, भिंगातून पाहिल्यास, एकमेकांपासून सुटे असे अनेक किंजपुट, म्हणजे ज्यांची पुढे फळे होतात ते स्त्री-अवयव. या सुटेपणावरच जुन्या वर्गीकरणकारांनी या कुळाला पहिले स्थान दिले होते, कारण फुलाचे अवयव सुटे आणि संख्येने अनेक असणे हे त्यांना प्राचीनतेचे लक्षण वाटत होते. आज रेणुशास्त्राच्या आधारे केलेली मांडणी वेगळी आहे, पहिला पाट आता दुसऱ्यांकडे गेला आहे. हर्बेरियमची कपाटे मात्र कोणी हलवत बसत नाही.

फुलापेक्षाही मला या वेलीचे पान अधिक गुंतवते, आणि तेसुद्धा पानाचे पाते नव्हे, तर देठ. वेलींचे चढण्याचे मार्ग निरनिराळे असतात. काही वेली स्वतःचे सबंध खोड आधाराभोवती गुंडाळतात, काही काट्यांनी अडकतात, काही मुळांनी भिंतीला चिकटतात, आणि काकडी-कारल्यासारख्या काहींना खास तणावे असतात. मोरवेलीकडे यांपैकी काही नाही. ती पानाचा देठच वापरते. कोवळ्या शेंड्याजवळचे पान वाऱ्याने हलता हलता एखाद्या काटकीला टेकले की देठ त्या बाजूला वाकतो आणि गुराचे दावे खुंट्याला वेढतात तसा काटकीभोवती एक, कधी दोन वेढे घेतो. पान मात्र आपले काम चालूच ठेवते. पाते उन्हाकडे, देठ आधाराकडे. चार्ल्स डार्विन यांनी क्लेमॅटिसच्या बऱ्याच जाती कुंड्यांमध्ये वाढवून हे बारकाईने पाहिले होते. देठावर दोऱ्याचे अगदी हलके फास अडकवून, एवढ्याशा भारानेही देठ वाकतो का, हे त्यांनी तपासले, आणि तो वाकतो असे त्यांना आढळले. वेलींच्या हालचालींवरचे त्यांचे हे काम १८६५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातले एक निरीक्षण सिंहगडाच्या वाटेवर कोणालाही पडताळून पाहता येते: ज्या देठाने काही पकडले आहे तो जाड, कडक आणि लाकडासारखा होतो, आणि त्याच वेलीवरच्या ज्या देठाला काही सापडले नाही तो बारीक आणि मऊच राहतो. म्हणूनच डिसेंबर-जानेवारीत पाने झडून गेल्यावरही वेल खाली कोसळत नाही. पाते वाळून गळालेले असते, पण देठाचे वेढे काटकीवर तसेच पक्के असतात, आणि ते नखाने सोडवू गेल्यास मोडतात पण सुटत नाहीत.

त्याच सुमारास फळे तयार होतात. वनस्पतीला पुन्हा पांढरा रंग येतो, पण हा रंग फुलांचा नाही. मोरवेलीत प्रत्येक किंजपुटाचे एकेक लहानसे, एका बीचे फळ होते आणि त्याच्या टोकाची कुक्षिवृंती, म्हणजे किंजपुटावरची बारीक दांडी, गळून न पडता उलट वाढत जाते. बोटाच्या एक-दोन पेरांइतकी लांब होते आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी रेशमी केस फुटतात. अशा कितीतरी शेपट्यांचा एकेक झुबका. सकाळी दव असताना त्या ओल्या होऊन एकमेकींना चिकटलेल्या, वळलेल्या असतात. ऊन चढले की वाळतात आणि सुटतात. रुईच्या बीला केसांचा जुडगा असतो आणि त्याला आपण म्हातारी म्हणतो. मोरवेलीची शेपटी रचनेने त्याहून वेगळी आहे, कारण रुईचे केस बीला फुटतात आणि इथे फुलाचाच एक भाग उडण्याच्या कामाला लागलेला असतो. युरोपातल्या मोरवेलीच्या बहिणीला तिथले लोक म्हाताऱ्या माणसाच्या दाढीवरून ओळखतात, तेव्हा म्हातारपण दोन्हीकडे आहेच. छायाचित्रकारांना हा फळांचा काळ फुलांपेक्षा जास्त देतो असे माझे मत आहे, विशेषतः सूर्य वेलीच्या पाठीमागे असेल तर.

जुन्या मोरवेलीचे खोड मनगटाएवढे होऊ शकते, आणि त्याची साल उभ्या पट्ट्यांनी सुटत असते. वाळलेल्या खोडाचा आडवा काप नीट पाहिला तर लाकडात नुसत्या डोळ्यांना दिसतील अशी छिद्रे असतात. वेलीला स्वतःचा भार स्वतः पेलायचा नसल्यामुळे तिच्या लाकडाला बळकटीपेक्षा पाणी वाहून नेण्याची सोय अधिक हवी असते, आणि ती रुंद वाहिन्यांनी साधलेली असते. सालीच्या या धागेदारपणामुळे की काय, आयुर्वेदातल्या मूर्वेचा प्रश्न मोरवेलीपाशी येऊन अडतो. मनुस्मृतीत क्षत्रियाची मेखला मूर्वेच्या दोरीची सांगितली आहे आणि संस्कृतात धनुष्याच्या दोरीलाच मौर्वी म्हणतात. म्हणजे मूर्वा ही चिवट तंतू देणारी वनस्पती असली पाहिजे. ती नेमकी कोणती, याबद्दल एकमत नाही. महाराष्ट्रात मूर्वा म्हणून मोरवेल घेण्याचा प्रघात आहे, केरळात वेगळीच वेल घेतात, आणि बंगालकडे आज आपल्या दिवाणखान्यांत कुंडीतून मिरवणाऱ्या स्नेक प्लांटच्या भावकीतली एक वनस्पती. धनुष्याच्या दोरीसाठी शेवटच्या वनस्पतीचा दावा सर्वांत बळकट आहे असे मला वाटते. तिच्या पानातला तंतू खरोखर लांब आणि चिवट असतो. मोरवेलीच्या सालीची दोरी ओढून बाण सोडायची माझी तरी तयारी नाही.

औषध म्हटले की लोक पाने तोडू लागतात, म्हणून इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बचनाग आणि अतिविष ही मोरवेलीच्याच कुळातली मंडळी आहेत, स्वयंपाकघरातली कलौंजीही याच कुळातली, आणि सह्याद्रीच्या कड्यांवर फुलणारी निळवंतीसुद्धा. मराठी परिभाषेत या कुळाला मोरवेल कुळच म्हणतात. कुळातल्या अनेक वनस्पतींच्या ताज्या रसात, पान चुरगळल्यावर, त्वचेला भाजणारे एक द्रव्य तयार होते. त्याचे नाव प्रोटोअॅनेमोनिन. मोरवेलीच्या प्रजातीतही ते असते, आणि हाताला लागल्यास आग होऊन फोड येऊ शकतात. पान वाळले की हे द्रव्य बदलून बरेचसे निरुपद्रवी होते. गावाकडची गुरे अशा वेलींना सहसा तोंड लावत नाहीत, आणि उतारावरचे बाकी सारे चरून गेलेले असताना मोरवेल टवटवीत का राहते, याचे निदान एक कारण तरी हे असावे.

दुसरे कारण तिने निवडलेली जागा. मुळशी, वेल्हे, भोर, मावळ या भागांतल्या देवरायांत गेलात तर आत, दाट सावलीत, गारंबीसारख्या अजस्र वेली झाडांच्या माथ्यांना जोडत गेलेल्या दिसतात. पुण्याचे वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात देवरायांचा जो अभ्यास केला, त्यानंतर शिकल्यासवरल्या पुणेकरांनाही या राया माहीत झाल्या, आणि देवराई म्हणजे आतला काळोख असे चित्र पक्के झाले. मोरवेल त्या काळोखात नसते. ती राईच्या कडेला असते. जिथे झाडे संपतात आणि गवत सुरू होते, जिथे पायवाटेने किंवा ओढ्याने दाटीत फट पाडलेली आहे, जिथे घाटरस्त्यासाठी डोंगर कापला आहे, तिथे. तिच्या मुळाला पालापाचोळ्याची सावली आणि ओल हवी असते, शेंड्याला भरपूर ऊन हवे असते, आणि चढायला तिच्या देठांच्या आवाक्यातल्या बारीक काटक्या हव्या असतात. वडाच्या बुंध्यावर तिला चढता येत नाही, कारण बुंध्याभोवती पानाचा देठ पुरत नाही. कारवीच्या जुन्या वाळक्या काठ्या, करवंदाच्या जाळ्या, हेंकळाची झुडपे हे तिचे खरे आधार आहेत. म्हणजे मोरवेल हवी असेल तर नुसते जंगल असून भागत नाही. जंगलाला विस्कटलेली, झुडपांनी भरलेली, कोणाच्याही नजरेत न भरणारी एक कड असावी लागते.

नेमकी हीच कड पुण्यात कोणाला नको असते. टेकड्यांवर वृक्षारोपण होते तेव्हा आधी झुडपे साफ करतात, मग ओळीने खड्डे घेतात, आणि मग खड्ड्यांत रोपे लावून त्यांची संख्या जाहीर करतात. वेताळ टेकडीवर आणि इतरत्र पूर्वी गिरिपुष्पाची जी लागवड झाली, तिने टेकड्या लांबून हिरव्या दिसू लागल्या हे खरे आहे. पण त्या एकसारख्या झाडोऱ्यात झुडपांचा थर आणि वेलींचा थर कुठे आहे, असे विचारणारे अभ्यासक सोडले तर फारसे कोणी नव्हते. शहरात वृक्षगणना होते, झाडाचा घेर आणि उंची लिहून घेतली जाते, तोडायचे झाले तर अर्ज करावा लागतो. वेलीसाठी अर्ज करावा लागल्याचे मी ऐकलेले नाही. उलट ‘झाडाला वेलींच्या विळख्यातून मोकळे केले’ असे म्हणत स्वयंसेवकांनी रविवारची सकाळ सत्कारणी लावल्याची छायाचित्रे दरवर्षी पाहायला मिळतात, आणि त्या ढिगात घाणेरीबरोबर काय काय गेले असेल याचा विचार करून मी ती छायाचित्रे जरा मोठी करून पाहते. डोंगरउतारांवरची दुसरी अडचण वणव्यांची. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत पेटते किंवा पेटवले जाते तेव्हा आग राईच्या आत सहसा शिरत नाही, कडेलाच चाटून जाते. आणि बिया उडून नुकत्याच पडलेल्या असतात त्या त्याच कडेला.

या बाजूने बोलताना दुसरी बाजू झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. वेल झाडाला मारू शकते. मोरवेलीचीच युरोपातली जी बहीण वर आली, क्लेमॅटिस व्हिटाल्बा, ती बागेतली शोभेची वेल म्हणून न्यूझीलंडमध्ये नेली गेली, तिथे जंगलात निसटली, आणि आता तिथल्या झाडांच्या माथ्यांवर पसरून त्यांना ऊन मिळू देत नाही. तिचा बंदोबस्त करणे हे तिथल्या वनरक्षकांचे मोठे काम होऊन बसले आहे. स्वतःच्या गावात सभ्यपणे वागणारी वेल परगावी जाऊन दांडगाई करू शकते, हे पुण्यालाही ठाऊक आहे: मेक्सिकोहून आलेली, गुलाबी तुऱ्यांची आइसक्रीम वेल रिकाम्या प्लॉटवर काय करते ते पाहावे. सह्याद्रीत मोरवेलीचे असे होत नाही. तिच्याबरोबर इथे वाढलेल्या किडी, बुरश्या, पावसाचे चार महिने आणि कोरडे आठ महिने यांच्या जाचात तिचा पसारा बेताचा राहतो, आणि उन्हाळ्यात ती पाने टाकून गप्प बसते, तेव्हा तिच्याखालच्या झुडपालाही मोकळे ऊन मिळते. एखादे कोवळे रोप तिच्या भाराने वाकते, नाही असे नाही. पण त्यासाठी वेल मुळापासून छाटणे मला पटत नाही. रोपावरचा शेंडा दुसरीकडे वळवून देणे पुरते.

पुण्यातल्या रोपवाटिकांत मोरवेल मागितली तर बहुतेक ठिकाणी समोरचा माणूस विचारात पडतो, आणि क्लेमॅटिस म्हटले की त्याचा चेहरा खुलतो. मग तो मोबाइलवर वितभर जांभळ्या फुलांची चित्रे दाखवतो. ती संकरित वाणे आहेत. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध जॅकमनी हे वाण १८६० च्या आसपास इंग्लंडमध्ये जॅकमन यांच्या रोपवाटिकेत तयार झाले, आणि त्याला थंडी लागते. पुण्याच्या एप्रिलमध्ये अशी रोपे काय भोगतात ते पाहवत नाही. आपल्याच डोंगरावर फुकट फुलणारी, चाळीस अंश सोसणारी वेल विकायला ठेवावी असे कोणाला वाटत नाही, याला मी रोपवाटिकावाल्यांना फार दोष देत नाही. गिऱ्हाईक मागते ते ते ठेवतात, आणि मोरवेल कुंडीत ठेवून विकण्याजोगी देखणी दिसतच नाही. वर्षातले काही महिने तर ती वाळकी काडी असते.

रोप करायचेच असेल तर बियांपासून होते, पण धीर लागतो. या कुळातल्या बऱ्याच वनस्पतींच्या बीमध्ये बी गळते त्या वेळी गर्भ पुरता वाढलेला नसतो, आणि तो वाढेपर्यंत मातीवर काही दिसत नाही. मी घाटरस्त्याच्या कडेच्या थोड्या फळशेपट्या आणून, शेपट्या न काढता, पालापाचोळ्याच्या खतात आडव्या पसरल्या आणि वर मातीचा अगदी पातळ थर दिला. बऱ्याचशा बिया कुजल्या. उरलेल्यांपैकी काही पावसाळा सरता सरता उगवल्या. छाट कलमे करायची तर बागकामाचा नेहमीचा नियम, पेऱ्याच्या, म्हणजे पाने फुटतात त्या गाठीच्या, लगेच खाली काप घेण्याचा, इथे फारसा चालत नाही. क्लेमॅटिसची कलमे करणारे दोन पेऱ्यांच्या मधोमध काप घेतात, वर एकच पेरे आणि पानांची एकच जोडी ठेवतात.

तयार झालेली रोपे मी आमच्या सोसायटीच्या मागच्या तारेच्या जाळीला लावली. जाळीची तार देठाच्या मापाची असल्याने वेलीला ती मानवली. पहिल्या वर्षी फुलली नाही, पण जाळी भरली. मग एका जानेवारीत, पाने झडलेली असताना, ती कोणीतरी जमिनीलगत छाटली. माळीकाकांना विचारले तर ते म्हणाले, “ताई, वाळून गेली होती ती, आणि असलं रानटी बागेत कशाला? साप येतात.” साप कुंपणामागच्या राडारोड्यात होते आणि तो राडारोडा वेलीच्या आधीपासून होता, हे त्यांनाही माहीत होते, पण वाळल्याबद्दलचे त्यांचे म्हणणे दिसण्यापुरते खरेच होते. मी त्यांना छाटलेल्या खुंटाची साल नखाने खरवडून आतला हिरवा थर दाखवला. ते खाली बसले, स्वतः एकदा खरवडून पाहिले, आणि म्हणाले, “मग असं करू, जाळीच्या बाहेर येईल तेवढीच कापत जाईन.” जूनच्या पहिल्या सरींनंतर खुंटांतून फुटवे आले, आणि त्या ऑक्टोबरात जाळी पहिल्यांदा पांढरी झाली.

सोसायटीच्या समितीत यावर चर्चा झाली, आणि चर्चेत नेहमीप्रमाणे पार्किंगचा विषय जास्त वेळ चालला. छाटणी मार्चमध्ये, बिया उडून गेल्यावर करायची, असे शेवटी ठरले. बिया गाड्यांच्या काचांवर येतात अशी एक तक्रार आहे आणि ती खरी आहे. समितीतल्या एका आजोबांनी मात्र दोन रोपे मागून ठेवली आहेत. मावळात त्यांच्या शेताच्या बांधावर करवंदीच्या जाळ्या आहेत, आणि शेजाऱ्याने त्या अजून तरी तोडलेल्या नाहीत.